मत्स्यालयातील समुद्रपुष्प : वर्तन कसे वाचावे?

समुद्रपुष्प हे नाव ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते की ही एखादी पाणवनस्पती असावी. वस्तुतः समुद्रपुष्प हा प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिश हे त्याचे नातलग. त्याला मेंदू नाही, हृदय नाही, हाड तर नाहीच. तरीही तो शिकार करतो, शत्रूला ओळखतो, जागा आवडली नाही तर ती सोडून चालू लागतो आणि शेजाऱ्याशी भांडतोसुद्धा. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात ज्यांनी तो ठेवला आहे त्यांना त्याच्या या हालचालींचा अर्थ लागत नाही आणि मग घबराट होते.

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज मुंबई-पुण्याला स्थिरावले आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बालपण गेल्यामुळे असेल, त्यांच्यापैकी काहींनी घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली आहे. भेटीत त्यांचे प्रश्न साधारण एकाच प्रकारचे असतात. "सर, काल ताटाएवढे फुललेले होते, आज मुठीएवढे झाले." "तोंडातून तपकिरी काहीतरी ओकले." "रात्रीत टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेले." या लेखात अशा प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने प्राणिशास्त्राच्या प्रांतात शिरावे का, असे कोणी विचारील. परंतु एखादी घटना विपरीत आहे असे म्हणण्यापूर्वी नित्याचे काय होते ते ठाऊक असावे लागते, आणि त्यासाठी तारीखवार नोंद लागते. ही शिस्त दोन्ही शास्त्रांना सारखीच लागू आहे.

शरीराची घडण

समुद्रपुष्पाचे शरीर म्हणजे पाण्याने भरलेली एक स्नायूंची पिशवी होय. खाली बुडाशी चपटा तळवा असतो. त्याने ते खडकाला किंवा शिंपल्याला घट्ट धरून बसते. वरच्या बाजूस मध्यभागी तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शिकांची वर्तुळे. या स्पर्शिकांवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात. भक्ष्याचा स्पर्श होताच त्यांतून विषारी तंतू सुटतो, लहान मासा किंवा कोळंबी बधिर होते आणि स्पर्शिका तिला तोंडाकडे नेतात.

दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, समुद्रपुष्पाला एकच द्वार आहे. अन्न तेथूनच आत जाते आणि न पचलेले तेथूनच बाहेर पडते. दुसरी अशी की, पोटातील पाणी हाच त्याचा सांगाडा आहे. पाणी आत घेतले की ते फुलते, बाहेर टाकले की आकसते. एवढे समजले तरी निम्म्या शंका फिटतात.

मत्स्यालयांसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोठ्या जाती उष्ण प्रदेशातील प्रवाळ खडकांवरच्या आहेत. त्यांच्या ऊतींत एकपेशीय शैवाल वस्तीला असते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. बदल्यात त्याला आसरा मिळतो. म्हणून या जातींना चांगला प्रकाश लागतो. अंधाऱ्या टाकीत त्यांची उपासमार होते, मग वरून कितीही कोळंबी घाला.

खडपातील शाळा

नित्याचे वर्तन पाहावयाचे तर आपल्यासारखे भाग्यवान आपणच. मिऱ्या किंवा मांडवीच्या बाजूस, जेथे जेथे खडप आहे तेथे, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर पाणी दूरवर ओसरते. कालवे काढणाऱ्या बायाबापड्यांना ही वेळ पंचांगाशिवाय कळते. अशा वेळी कातळातील डबक्यांत वाकून पाहिले तर पाण्याखाली स्पर्शिका पसरून बसलेली लहान समुद्रपुष्पे दिसतात. पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या कातळावर मात्र त्यांचे फक्त बुळबुळीत गोळे उरलेले असतात. स्पर्शिका आत, तोंड मिटलेले, अंगाला वाळूचे आणि शिंपल्यांचे कण चिकटलेले. उन्हात अंग सुकू नये म्हणून केलेली ती तजवीज आहे. भरतीचे पाणी परतले की तेच गोळे पुन्हा उमलतात.

म्हणजे किनाऱ्यावरील समुद्रपुष्प रोज दोनदा मिटते आणि दोनदा उमलते. आकसणे हा त्याच्या दिनक्रमाचा भाग आहे. टाकीत भरती-ओहोटी नाही, म्हणून तेथे ते आकसले की आपल्याला आजाराची शंका येते. वाळूत राहणाऱ्या जाती तर नुसता धक्का लागला तरी सबंध अंग वाळूत ओढून घेतात.

पावसाळा आणखी एक गोष्ट शिकवतो. काजळी नदीचे पाणी भाट्याच्या खाडीत लोटते तेव्हा तेथला खारेपणा झपाट्याने उतरतो. खाडीत टिकणाऱ्या जाती हा चढउतार सोसतात. बंगालमधील पोर्ट कॅनिंगच्या मचूळ तळ्यांतील समुद्रपुष्पांचा अभ्यास नेल्सन अॅनंडेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केला. हेच अॅनंडेल पुढे भारतीय प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले. प्रवाळ खडकांवरच्या जातींना मात्र असा चढउतार मुळीच सोसत नाही. तेव्हा आपल्या टाकीतील जीव कोणत्या पाण्यातून आला, हा पहिला प्रश्न विचारावा. झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे संग्रहालय आणि मत्स्यालय आपल्या सहलींमुळे अनेकांना परिचित आहे. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. रत्नागिरीकरांना अशी माहिती विचारावयास दूर जाण्याचे कारण नाही.

जुनी निरीक्षणे

समुद्रपुष्प वनस्पती की प्राणी, हा वाद फार जुना. ॲरिस्टॉटलनेही त्याला दोहोंच्या सीमेवर ठेवले होते. अठराव्या शतकात फ्रान्समधील ल हाव्र येथील धर्मगुरू दिकमार यांनी समुद्रपुष्पे कापून पाहिली आणि तुटलेला भाग पुन्हा वाढतो असे दाखविले. त्यांच्या उमलण्या-मिटण्यावरून हवामानाचा अंदाज बांधता येईल, अशीही त्यांची कल्पना होती. ती कल्पना आज कोणी वापरीत नाही. पण रोज पाहून नोंद करण्याची त्यांची पद्धत खरी होती.

सर्वांत बोलके उदाहरण स्कॉटलंडचे आहे. सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिक येथील किनाऱ्यावरून एक लहानसे समुद्रपुष्प आणून काचेच्या बरणीत ठेवले. डॅलियेल १८५१ मध्ये निवर्तले; बरणी दुसऱ्यांच्या हाती गेली, पुढे आणखी इतरांच्या. लोक त्या समुद्रपुष्पाला 'आजी' म्हणू लागले. तिने शेकडो पिल्ले दिली आणि १८८७ मध्ये ती मेली. म्हणजे बरणीतच ५९ वर्षे. त्या काळी वीज नव्हती, पंप नव्हता, गाळणयंत्र नव्हते. होते ते नियमाने बदललेले समुद्राचे ताजे पाणी, बेताचे खाणे आणि रोज पाहणारे डोळे. आज महागडी यंत्रे असूनही पुष्कळ समुद्रपुष्पे घरी आणल्यावर काही महिन्यांतच मरतात. इतका दीर्घायुषी जीव आपण घरात आणतो, तेव्हा केवढी जबाबदारी पत्करतो याचा विचार खरेदीपूर्वी झाला पाहिजे.

टाकीतील वर्तने आणि त्यांची कारणे

१. आकसणे. खाल्ल्यानंतर, रात्री, किंवा पोटातील पाणी बदलताना समुद्रपुष्प काही तास आकसते. नंतर पूर्ववत फुलते. यात काळजीचे कारण नाही. टाकीतील मासा सारखा अंग घासत असेल तरी ते मिटून राहते. क्लाऊनफिश नवीन असताना असे पुष्कळदा होते. आकसलेली स्थिती एक-दोन दिवसांहून अधिक टिकली, तोंड सैल होऊन उघडे पडले आणि आतील भाग बाहेर डोकावू लागला, तर मात्र ती धोक्याची खूण समजावी. निरोगी समुद्रपुष्पाचे तोंड घट्ट मिटलेले असते.

२. तोंडातून तपकिरी पदार्थ टाकणे. द्वार एकच असल्यामुळे विष्ठा तेथूनच येते. अधूनमधून थोडा तपकिरी चोथा दिसला तर ते साधे उत्सर्जन होय. खाण्याचा तुकडा फार मोठा दिला असेल तर काही तासांनी तो जसाच्या तसा बाहेर पडतो. पुढच्या वेळी लहान तुकडा द्यावा. रोज तपकिरी धागे पडू लागले आणि त्याबरोबर अंगाचा रंगही उतरू लागला, तर शरीर आपल्यातील शैवाल बाहेर टाकीत आहे असे समजावे.

३. रंग फिका पडणे. पांढरेशुभ्र समुद्रपुष्प दुकानात फार देखणे दिसते व ग्राहक त्यालाच भुलतो. तो पांढरेपणा म्हणजे शैवाल गमावल्याचे लक्षण होय. उष्णता वाढली, प्रकाश फार कमी झाला किंवा एकाएकी फार तीव्र झाला, तर असे घडते. १९९८ साली समुद्र तापल्यामुळे लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले, त्यामागील प्रक्रिया हीच. फिके पडलेले समुद्रपुष्प लगेच मरत नाही. उष्णता आटोक्यात आणून, प्रकाश हळूहळू वाढवून आणि आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा बारीक तुकडा देऊन ते सावरू शकते. त्यास महिने लागतात.

४. चालणे. तळव्याच्या स्नायूंच्या लाटांनी समुद्रपुष्प सरपटते. गती इतकी मंद की चालताना दिसत नाही, सकाळी जागा बदललेली दिसते. नव्या टाकीत पहिले काही दिवस असे फिरणे स्वाभाविक आहे. प्रकाश, प्रवाह आणि पाय रोवण्यास खाच या तिन्ही गोष्टी जुळतील तेथे ते थांबते. अनेक महिने एका जागी असलेले समुद्रपुष्प अचानक चालू लागले तर काय बदलले ते शोधावे. नवा दिवा लावला काय? पंपाची दिशा फिरली काय? थंड समुद्रातील एक जात तर विशिष्ट तारामासा अंगाला लागताच खडक सोडून अंग वेडेवाकडे हलवीत पोहत निघून जाते. तेव्हा जागा सोडणे हा पळ काढण्याचा मार्गही असतो. भटक्या समुद्रपुष्पाला टाकीतील सर्वांत मोठा धोका पंपाच्या तोंडाचा आणि हीटरचा. दोहोंवर जाळी किंवा स्पंज बसवावा. त्याला ओढून मूळ जागी बसविण्याचा प्रयत्न कधीही करू नये. तळवा फाटतो आणि ती जखम जिवावर बेतते. प्रवाहाची दिशा बदलून त्याला आपोआप सरकू द्यावे.

५. गळ्याभोवती फुगवटे येणे. काही जातींत स्पर्शिकांच्या खाली मण्यांसारखी पांढरी किंवा निळसर माळ असते. एरवी ती दिसतही नाही. परका शेजारी टेकला की हे मणी फुगतात, समुद्रपुष्प अंग उंचावून त्यावर वाकते आणि मणी त्याच्या अंगावर दाबते. दंशपेशींनी भरलेली त्वचा तेथे चिकटून राहते व शेजाऱ्याचे अंग भाजल्यासारखे होते. कॅलिफोर्नियाच्या खडकांवर एकाच जीवापासून विभागून झालेल्या वसाहती राहतात; दोन भिन्न वसाहतींच्या मध्ये अशा भांडणांमुळे रिकामा पट्टा राहिलेला दिसतो. एकाच कुळीचे शेजारी मात्र गुण्यागोविंदाने राहतात. तेव्हा लहान टाकीत दोन निरनिराळ्या जाती ठेवू नयेत.

६. दुभंगणे. एक समुद्रपुष्प उभे चिरत जाऊन त्याची दोन होतात. ही प्रजननाची रीत आहे. पोसलेले समुद्रपुष्प दुभंगते तसेच संकटात सापडलेलेही दुभंगते. म्हणून दोन झाली याचा आनंद मानण्यापूर्वी पाणी तपासावे. खडकाबरोबर नकळत येणारी काचेसारखी अर्धपारदर्शक, तपकिरी, लहान समुद्रपुष्पे मात्र टाकीभर पसरतात. त्यांना चिरडू अगर खरवडू नये. राहिलेल्या कणापासून नवे रोप वाढावे तसे नवे जीव उभे राहतात.

आधी पाणी तपासावे

वरील प्रत्येक प्रसंगी पहिली कृती एकच : प्राण्याला हात न लावता पाणी तपासणे. नजर लागली, पाणी बाधले, अशा मोघम उत्तरांनी कोणताही जीव वाचत नाही. मोजमापाने वाचतो.

खारेपणा दर हजार भागांस सुमारे ३५ भाग असावा. विशिष्ट गुरुत्वाच्या मापाने सुमारे १.०२५. उष्णता २४ ते २७ अंश सेल्सिअस. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट अल्प. माशांच्या विष्ठेपासून अमोनिया बनतो, सूक्ष्मजंतू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. हे सूक्ष्मजंतू स्थिरावण्यास आठवडे लागतात. म्हणून नवी टाकी मांडल्यावर लगेच समुद्रपुष्प आणू नये. सहा महिने तरी टाकी मुरू द्यावी.

आपल्याकडे वारंवार होणाऱ्या चुका अशा. टाकीतील पाणी वाफ होऊन कमी झाले की लोक त्यात पुन्हा खारे पाणी घालतात. वाफेबरोबर मीठ उडत नाही. ते टाकीतच राहते आणि खारेपणा वाढत जातो. कमी झालेल्या पाण्याच्या जागी आरओचे गोडे पाणीच घालावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घातक. तांब्याचा अंश तर समुद्रपुष्पाला विषच. तेव्हा हंडा, कळशी, तांब्या यांतून टाकीचे पाणी नेऊ नये, आणि माशांच्या आजारावरील तांबेयुक्त औषध त्या टाकीत घालू नये. किनाऱ्यावरून पाणी आणणाऱ्यांनी पावसाळ्यात ते टाळावे. ते गढूळ आणि पातळ झालेले असते. बंदरालगतच्या पाण्यात तेलाचा तवंग असतो.

कोकणात विजेचा प्रश्नही विसरून चालत नाही. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती. वीज गेली की पंप थांबतो, पाण्यातील प्राणवायू घटतो, उन्हाळ्यात पाणीही तापते आणि समुद्रपुष्प मिटते. बॅटरीवर चालणारा लहान हवापंप ही अल्प खर्चाची तरतूद प्रत्येकाने करून ठेवावी. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला तरी पाण्याची उष्णता काही अंशांनी उतरते.

स्पर्शिका चिकट लागत नाहीत, अंग चिंध्यांसारखे सुटते आणि दुर्गंधी येते, ही मृत्यूची लक्षणे. अशा वेळी ते तत्काळ काढून पुष्कळसे पाणी बदलावे. अन्यथा एका मृत जीवामुळे सगळी टाकी नासते. हात घालताना हातमोजे घालावेत. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये यांनी समुद्रपुष्पाच्या विषावरील प्रयोगांतूनच १९०२ साली तीव्र ॲलर्जीचा शोध लावला. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक त्यासाठी मिळाले. पहिल्यांदा काही न झालेल्या माणसालाही पुढच्या दंशाने त्रास होऊ शकतो. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागू लागला तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

नोंदवही आणि किनारा

टाकीशेजारी एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, उष्णता, खारेपणा, काय खाऊ घातले, समुद्रपुष्प कोठे व कसे आहे, इतक्या नोंदी पुरेत. महिनाभरात त्याचा दिनक्रम आपोआप उमगतो, आणि मग काय वेगळे घडले ते सांगण्यास कोणी तज्ज्ञ लागत नाही. घरातील शाळकरी मुलांकडे हे काम सोपवावे. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, प्रकाशाच्या झोताबरोबर सौम्य विद्युतधक्का दिला तर एका लहान समुद्रपुष्पाला त्या दोहोंचा संबंध कळतो. नंतर नुसत्या प्रकाशानेही ते आकसते. मेंदू नसलेला हा जीव अनुभवाने शिकतो. मुलांना हे सांगितले की त्यांची वही अधिक मन लावून भरली जाते.

शेवटी एक सूचना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये फिलिप गॉस यांच्या पुस्तकांमुळे घरोघरी समुद्रजीव ठेवण्याची लाट आली. हौशी लोकांनी किनाऱ्यावरची डबकी उपसून नेली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ सालच्या आपल्या आठवणींत त्या उजाड झालेल्या किनाऱ्यांबद्दल खंत नोंदविली आहे. आपल्या खडपातील डबकी अजून भरलेली आहेत. तेथून एकही समुद्रपुष्प खरवडून आणू नये. प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षितच आहेत. ज्यांना टाकी ठेवावयाची आहे त्यांनी मत्स्यालयातच वाढविलेले जीव मागून घ्यावेत. आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांनी जरासुद्धा खंत बाळगू नये. उधाणानंतरच्या ओहोटीला मुलांचा हात धरून खडपावर जावे, डबक्याशेजारी शांत उकिडवे बसावे आणि पाहावे. तेथील पाणी समुद्र स्वतःच बदलतो.